एकाच मॅटवर किकही आणि पाडणंही: 40 मिमीच्या इंटरलॉक मॅटचा कोकणातला हिशेब

कराटे किंवा किकबॉक्सिंगच्या जोडीला ज्युदो नाहीतर कुस्तीचा सराव एकाच खोलीत करायचा असेल, तर 1 मीटर × 1 मीटर, 40 मिमी जाडीची ईव्हीए फोमची इंटरलॉक मॅट (कडेच्या दातांनी एकमेकींत अडकणारे चौकोनी तुकडे) घ्यावी. हौशी माणसाला परवडेल आणि दोन्ही कामांना पुरेल अशी दुसरी वस्तू नाही. मात्र ती तडजोड आहे, आणि कोकणातल्या ओलीत तिची नीट काळजी घेतली नाही तर पहिल्याच पावसाळ्यात खालून काळी पडते.

तडजोड कुठे आहे ते आधी समजून घ्या. गोल किक मारताना आधाराच्या पायाची टाच उचलून चवड्यावर वळावं लागतं आणि टाच समोरच्याकडे फिरवावी लागते. जमीन घट्ट असेल तर चवडा सहज सरकतो. फोम मऊ असला की चवडा त्यात रुततो, कंबर फिरते पण पाऊल जागच्या जागी राहतं, आणि तो सगळा पीळ गुडघ्यात जातो. फेकीला नेमकं उलटं हवं. ज्युदोतली ओसोतो-गारी किंवा कुस्तीतला धोबीपछाड बसला की पडणाऱ्याच्या पाठीखाली जितका फोम तितकं बरं. 20 मिमीच्या मॅटवर किक सुरेख बसते, पण तीच मॅट कोब्यावर टाकून कुणाला खांद्यावरून फेकलं तर हिसका थेट मणक्यात जातो. 40 मिमीवर दोन्ही जमतं ते फोम कडक असेल तरच. जाडीपेक्षा घनता महत्त्वाची म्हणतात ती याचसाठी.

घनता ओळखायला वजनकाटा पुरे. 1 चौरस मीटरचा 40 मिमी जाड तुकडा म्हणजे 0.04 घनमीटर. दर घनमीटरला 100 किलो घनता धरली तर एका तुकड्याचं वजन 4 किलो भरायला हवं. काट्यावर अडीच किलो दिसले तर फोम हलका आहे. तो महिन्याभरात टाचेखाली दबतो आणि तसाच खोलगट राहतो. दुकानात अंगठ्याने जोरात दाबून सोडा: खळगा लगेच भरून यायला हवा. जाडीही पट्टीने मोजा, आणि दातांच्या जवळ नव्हे, मधोमध. पृष्ठभागावरची नक्षी हाताने चोळून पाहा. फार खरखरीत नक्षी जमिनीवरच्या झटापटीत गुडघे आणि पायाच्या बोटांची सालं काढते. अगदी गुळगुळीत असेल तर घामाने घसरायला होतं. ताटामीसारखी (जपानी चटईसारखी) बारीक विणीची नक्षी मिश्र सरावाला सर्वांत बरी.

दोघांना मोकळेपणाने फेकीचा सराव करायला कमीत कमी 4 मीटर × 4 मीटर, म्हणजे 16 मॅट लागतात. वजन साधारण 64 किलो. त्यातही भिंतीपासूनचा 1 मीटर पट्टा फेकीसाठी वापरायचा नाही. जागा याहून लहान असेल तर उभ्याने फेक सोडून द्या, गुडघ्यावरून सुरू करा. गावातल्या मंडळाकडे कबड्डीच्या मॅट असतील (पुरुषांचं मैदान 13 × 10 मीटरचं, म्हणजे जागेचा प्रश्नच नाही) तर किक आणि जमिनीवरचं काम त्यांवर खुशाल करा. फेक मात्र जाडी मोजल्याशिवाय नको.

खालची जमीन हा या मॅटचा खरा कस. कोब्यावर किंवा लादीवर थेट पसरली तर 40 मिमीसुद्धा जोरदार फेकीला अपुरी पडते. त्यावर उपाय लवचीक फळीचा: जमिनीवर 200 मायक्रॉनचं प्लास्टिक, त्यावर दर 40 सेंमीवर रबराचे तुकडे लावलेल्या लाकडी पट्ट्या, पट्ट्यांवर 18 मिमीचा प्लाय, आणि त्यावर मॅट. 4 × 4 मीटरला 8 × 4 फुटी सहा शीट पुरतात. सांधे एका ओळीत येऊ देऊ नका, विटांसारखे आडवे-तिडवे ठेवा. प्लाय आयएस 710 चा मरीन घ्या. स्वस्त प्लायचे थर आपल्याकडच्या हवेत सुटतात, आणि एकदा सुटले की मॅटखाली फुगवटे येतात. स्क्रू स्टेनलेसचे आणि डोकं प्लायमध्ये 2 मिमी आत गेलेलं. मालवण-वेंगुर्ल्यासारख्या किनाऱ्यालगतच्या गावात साधे स्क्रू खाऱ्या वाऱ्याने गंजून सैल होतात आणि फळी कुरकुरायला लागते. जांभ्याच्या जुन्या घरात वाळवीचं औषध मारल्याशिवाय लाकूड टाकूच नका.

चिपळूण, राजापूरच्या बाजारपेठेत तळमजल्यावर वर्ग चालत असेल तर ही फळी करू नये असं स्पष्ट मत आहे. जुलै 2021 मध्ये चिपळुणात जे पाणी चढलं त्यात प्लाय टिकला नसता. मॅटचा फोम बंद पेशींचा असतो, आत पाणी शिरत नाही. मॅट उचलून माळ्यावर टाकता येतात. तिथे फेकीसाठी 20-30 सेंमी जाडीची वेगळी गादी ठेवावी.

आता ओल. पाणी फोममध्ये शिरत नाही पण मॅट आणि जमीन यांच्या मधे अडकतं. जून ते सप्टेंबर कौलारू पडवीत झड आत येते, कोब्यातून ओल वर चढते, सांध्यांतून घाम झिरपतो. पंधरा दिवस मॅट उचलली नाही तर खालची बाजू बुळबुळीत आणि बुरशीने काळी. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा सगळ्या मॅट उचला, भिंतीला उभ्या टेकवा, पंखा लावून रात्रभर ठेवा. चार जणांचं अर्ध्या तासाचं काम आहे. ऊन पडलं म्हणून खळ्यात वाळत घालण्याचा मोह होतो, तो टाळाच. कडक उन्हात ईव्हीए आक्रसतो, कडा वाकतात, आणि मग दात जुळत नाहीत. सांध्यात राहिलेल्या 3-4 मिमीच्या फटीत पायाचं बोट अडकलं की किकबॉक्सरचं बोट गेलंच. सावलीत वाऱ्यावर वाळवा.

वरून पीव्हीसी कापड ताणून बसवावं का? सांधे झाकले जातात, बोट अडकत नाही, पुसायला सोपं. ऑक्टोबर ते मे उत्तमच. पावसाळ्यात मात्र ते ओल कोंडून धरतं, म्हणून त्या चार महिन्यांत काढून ठेवावं.

स्वच्छतेत कसूर झाली तर गजकर्ण सगळ्यांना वाटलं जातं. अंगाला अंग घासणारे खेळ आणि दमट हवा, बुरशीला आणखी काय हवं. रोज सरावानंतर साबणाच्या पाण्याने पुसून कोरडं करा. आठवड्यातून एकदा 1 लिटर पाण्यात 20 मिली ब्लीच (बाजारातलं साधारण 4-5 टक्क्यांचं), दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा. ब्लीच दाट केल्याने जास्त स्वच्छ होत नाही, रंग उडतो आणि फोम कडक होतो. फिनेल अजिबात नको, चिकट थर राहतो. अंगावर गोल लाल चट्टा दिसणाऱ्याने डॉक्टरने सांगेपर्यंत मॅटवर यायचं नाही, मग तो कितीही जुना सदस्य असो.

दोन शैली एकत्र करताना सरावाचा क्रमही मॅटच ठरवते, आणि याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. नव्वद मिनिटं असतील तर 15 मिनिटं अंग गरम करणं आणि पडायचा सराव (हनुवटी छातीला, हात अंगापासून 45 अंशात आपटायचा), मग 25 मिनिटं किक आणि पंच, 25 मिनिटं पकड आणि फेक, 20 मिनिटं जमिनीवर, शेवटची 5 पुसायला. कोरड्या मॅटवर किक, घामेजलेल्या मॅटवर जमिनीचं काम. उलटं केलंत तर आधाराचा पाय सटकणार. जोडकाम, म्हणजे पंच मारून आत शिरणं आणि पट काढणं (समोरच्याचा पाय धरून पाडणं), फेकीच्या वेळात घ्या आणि निम्म्या वेगाने. इथे कराटेवाल्यांची एक सवय आड येते: लांब, आडव्या पवित्र्यात पुढचा पाय एकटा पडतो आणि पट काढणाऱ्याला आयता मिळतो. पवित्रा एक वीत आखूड करा, गुडघा समोर ठेवा. ज्युदोवाला ताठ उभा राहून दोन्ही हात पकडीला पुढे करतो, त्याने आधी हनुवटी झाकायला शिकावं. आठवड्याला तीन दिवस असतील तर दोन दिवस मूळ शैलीला आणि एक दुसरीला द्या. पहिल्या वर्षात बरोबरीने वाटलं तर दोन्हीकडचे पाय कच्चे राहतात.

कुस्तीचे बूट या मॅटवर चालत नाहीत, तळाची कड फोम उकरते. अनवाणीच या आणि नखं कापून या.

बसवताना भिंतीलगत दोन्ही बाजूंना 1-1 सेंमी मोकळं सोडा. पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मेच्या दुपारी फोम पसरतो, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत गच्च बसवलेली मॅट मधोमध उचलली जाते. मागवताना चार तुकडे जास्त मागवा आणि ते त्याच खेपेतले आहेत याची खात्री करा. साचा बदलला की दातही बदलतात, आणि दोन वर्षांनी आणलेला तुकडा जुन्यात बसत नाही. माल सुतळीने करकचून बांधून आला तर त्याच दिवशी सोडा. सपाट पसरून दोन दिवस ठेवल्यावरही कडेचे खळगे भरले नाहीत तर परत पाठवा.