गरी बेटावरची कुंपणातली जागा आणि आमचे ६९० डॉलर

यंदाच्या ईस्टरला आमच्या घरातली सहा माणसं गरी बेटावर दिवस मावळताना तंबू ठोकायच्या जागेविना उभी होती. सहाजणांत माझे सासू-सासरे होते, आठ वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी होती. त्या जागेचे ६९० डॉलर आम्ही तीन आठवडे आधीच मोजले होते. ज्याला मोजले तो माझ्याशी स्वच्छ मराठीत बोलत होता, मला वहिनी म्हणत होता. डिसेंबरच्या सुट्ट्या जवळ आल्यात आणि तशाच ऑफर पुन्हा फिरायला लागल्यात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

भारतातल्या वाचकांसाठी आधी थोडं बेटाविषयी. हे बेट ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ आहे. पूर्वी फ्रेझर आयलंड म्हणायचे, जून २०२३ मध्ये तिथल्या मूळ रहिवासी बुचल्ला लोकांचं मूळ नाव सरकारने अधिकृतपणे परत दिलं. इंग्रजीत लिहिताना सुरुवातीला के येतो, पण उच्चार 'गरी'. जगातलं सर्वांत मोठं वाळूचं बेट, लांबी १२० किलोमीटरच्या वर. गाडी बार्जवर, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या सपाट बोटीवर, चढवून न्यावी लागते, आणि फोर-व्हील-ड्राइव्ह नसेल तर न्यायचं नावच काढू नये. पूर्वेचा समुद्रकिनारा हाच तिथला हमरस्ता, त्यावर ताशी ८० ची वेगमर्यादा आहे आणि कधी कधी लहान विमानंही तिथेच उतरतात. हा रस्ता घड्याळावर नाही, ओहोटीवर चालतो. भरतीच्या आधी आणि नंतर दोन-दोन तास त्यावर गाडी घालायची नाही. आमच्यासारख्या सांगली-मिरजेकडच्या माणसांना हे पहिल्यांदा ऐकताना गंमत वाटते, पण त्या संध्याकाळी आमची सगळी कोंडी याच एका गोष्टीने झाली.

दुसरी गोष्ट डिंगोंची. बुचल्ला लोक त्यांना वोंगारी म्हणतात. लांबून गावातल्या कुत्र्यासारखे दिसतात, पण ते रानटी आहेत. एप्रिल २००१ मध्ये वॉडी पॉइंटजवळ नऊ वर्षांच्या एका मुलाचा त्यांच्या हल्ल्यात जीव गेला. चौदा वर्षांपर्यंतची मुलं बरोबर असतील तर कुंपण असलेल्या कॅम्पग्राउंडमध्येच राहा, असं उद्यान खातं कळकळीने सांगतं ते यासाठी. अशी कुंपणं मोजक्याच ठिकाणी आहेत: डुंडुबारा, सेंट्रल स्टेशन, लेक बूमनजिन आणि वॉडी पॉइंटचा वरचा भाग. वॉडी पॉइंटला नाव एक आणि जागा दोन, वरची कुंपणातली आणि खाली किनाऱ्यालगतची उघडी. बुकिंग करताना या दोन्हींत गल्लत होणं अगदी सोपं आहे. बाकी किनाऱ्यावर कॅम्पसाठी आखलेले पट्टे आहेत. तिथे कुंपण नाही, नळ नाही, संडास नाही.

सासऱ्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. सासूबाईंना रात्री दोनदा तरी उठावं लागतं. म्हणून मला डुंडुबाराच हवं होतं. कुंपण आहे, संडास आहेत, नाणं टाकून गरम पाण्याची अंघोळ आहे. सासू-सासरे मेमध्ये परत जाणार होते, त्यामुळे ईस्टर सोडून दुसरी तारीख नव्हती. मी बुकिंगला बसले तेव्हा कुंपणातली सगळी ठिकाणं भरलेली होती.

आमच्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी विचारलं, कुणी रद्द करत असेल तर कळवा. तासाभरात एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. मग फोन. "वहिनी, आईला पुण्यात ॲडमिट केलंय, मी निघतोय. डुंडुबाराच्या तीन रात्री आहेत, बार्जचं तिकीट आणि गाडीचं परमिटही काढून ठेवलंय. वाया जाण्यापेक्षा आपल्या माणसाला मिळालं तर बरं." मी घासाघीस केली नाही. ज्याची आई दवाखान्यात आहे त्याच्याशी पन्नास डॉलरसाठी काय बोलायचं? उलट पुढच्या आठवड्यात मीच दोनदा मेसेज करून आईची तब्येत विचारली. त्याने उत्तरंही दिली. "आज जरा बरं आहे" असं लिहिलं होतं.

त्याने सगळं एकत्र करून आकडा सांगितला होता, यात खरी मेख होती. नुसती जागा विकली असती तर मी सरकारी दर पाहिला असता. माणशी एका रात्रीला दहा डॉलरसुद्धा पडत नाहीत. सहा जणांच्या तीन रात्री दोनशेच्या आत बसतात. पण बार्ज, गाडीचं परमिट, गर्दीचा हंगाम असं सगळं एका पुडीत बांधलं की कशाचे किती हे कळत नाही.

पैसे पे-आयडीने, म्हणजे फोन नंबरवरून किंवा ईमेलवरून थेट बँकेत, पाठवायचे होते. बँकेच्या ॲपवर खातेदाराचं नाव आलं ते मराठी तर नव्हतंच, भारतीयही नव्हतं. नवऱ्याने लगेच विचारलं. मी त्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "माझ्या बिझनेस पार्टनरचं खातं आहे, माझं भारताच्या तिकिटामुळे लिमिटला आलंय." आम्ही पटवून घेतलं. मग त्याने परमिट माझ्या नावावर करायचं म्हणून ड्रायव्हिंग लायसन्सचे पुढून-मागून फोटो मागितले. तेही मी पाठवले. पैसे गेले त्यापेक्षा या फोटोंनी मला नंतर जास्त छळलं.

दुसऱ्या दिवशी तीन पीडीएफ आल्या. सरकारी बोधचिन्ह, बुकिंग नंबर, माझं नाव, आमच्या प्राडो गाडीचा नंबर. सोबत जागेचा एक फोटो: हिरवा तंबू, दोन निळ्या खुर्च्या, डावीकडे लाल झाकणाचा एस्की (खाणं गार ठेवायची पेटी), आणि तंबूच्या दारातून सरळ दिसणारा समुद्र. मी तो फोटो सासूबाईंना कौतुकाने दाखवला. डुंडुबाराचा कॅम्प वाळूच्या टेकाडामागे, झाडांत आहे. तंबूत बसून समुद्र दिसेल अशी जागा तिथे नाही. हे मला आज माहीत आहे.

गुड फ्रायडेला पहाटे निघालो. ओहोटी बाराच्या सुमारास होती, त्या हिशेबाने इनस्किप पॉइंटला पोचलो, टायरची हवा कमी केली आणि बार्जच्या रांगेत लागलो. बार्जवरच्या मुलाने तिकिटाचा कोड स्कॅन केला. पुन्हा केला. "हे तिकीट आधीच वापरलंय." मागे गाड्यांची रांग, वाळू मऊ, इंजिन चालू. नवऱ्याने कार्ड काढून तिथल्या तिथे पैसे भरले. मी त्या माणसाला फोन लावला, तो बंद होता. विमानात असेल, असं मीच म्हणाले. मागे फिरायची ती शेवटची सोयीची जागा होती. दहा मिनिटांत पलीकडे उतरलो आणि किनारा बघून सगळे इतके हरखले की तिकिटाचा विषय मागे पडला. ईलाय क्रीकमध्ये मुलं डुंबली. १९३५ मध्ये वादळात वाहत येऊन रुतलेल्या महेनो जहाजाच्या सांगाड्यापुढे सासऱ्यांनी फोटो काढून घेतला. सगळ्या प्रवासात त्यांचा हसतानाचा तो एकच फोटो आहे.

डुंडुबाराला तीनच्या पुढे पोचलो. आमच्या नंबरच्या जागेवर तंबू लागलेला होता. एक बाई कलिंगड कापत होती. मी परमिट दाखवलं, तिने तिचा टॅग दाखवला. जागेचा नंबर तोच, तारखा त्याच, बुकिंग नंबर वेगळा. बाई भली होती. आधी सासूबाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, मग तिच्या नवऱ्याने रेंजरला बोलावून आणलं.

रेंजरने आमचा नंबर तपासला. बुकिंग खरं होतं, पण दुसऱ्याच कुणाच्या नावाचं, किनाऱ्यावरच्या उघड्या पट्ट्याचं आणि जानेवारीत संपलेलं. तेच परमिट घेऊन त्यावर नाव, जागा आणि तारीख बदलली होती. गाडीच्या परमिटचंही तसंच. मी हट्टाने म्हणाले, त्याने ते माझ्या नावावर ट्रान्सफर केलंय. रेंजर शांतपणे म्हणाला, परमिट असं एकाकडून दुसऱ्याला देता येत नाही. कुणी रद्द केलं तर जागा बुकिंगच्या सिस्टीममध्ये परत जाते, माणसाकडे विकायला काही उरतच नाही. हे एक वाक्य तीन आठवडे आधी कुणी सांगितलं असतं तर!

कॅम्प पूर्ण भरलेला. परत जावं तर भरती चढायला लागलेली, बार्ज सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर मागे. रेंजरने दंड केला नाही. आमचा जबाब लिहून घेतला, गाडीचं परमिट रीतसर काढायला लावलं आणि त्या रात्रीपुरती जवळच्या किनाऱ्यावरच्या पट्ट्यात जागा मिळवून दिली. मुलं हाताच्या अंतरावर ठेवा, खाणं गाडीत कुलूपबंद करा, टूथपेस्टसुद्धा तंबूत ठेवू नका, असं बजावलं. मुलांकडे एकदा बघून म्हणाला, "मी तुमच्या जागी असतो तर गाडीतच झोपलो असतो."

सहा माणसं प्राडोत झोपली, म्हणजे बसली. काचा बोटभर उघड्या, बाहेर समुद्राचा आवाज. सासूबाईंना रात्री जायचं होतं. नवरा बॅटरी आणि काठी घेऊन उतरला, मी त्यांचा हात धरला, पण गाडीपासून चार पावलांवर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "राहू दे गं, भीती वाटते." उजाडेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या. अडुसष्ट वर्षांच्या बाईला माझ्यामुळे असं बसावं लागलं, हे मी विसरू शकत नाही. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही.

पहाटे मुलाने माझा दंड हलवला. बॉनेटच्या पुढे एक वोंगारी उभा होता. तांबूस, बारीक, पंजे मोजे घातल्यासारखे पांढरे. संध्याकाळी डबा उघडताना माझ्या हातून शेंगदाण्याची चटणी सांडली होती. मी वाळू उकरून पुरली होती. त्याने बरोबर तिथेच नाक खुपसलं, पुढच्या टायरपासून हातभर अंतरावर. मग मान वर करून काचेतून आमच्याकडे पाहिलं. मुलगी जागी होती, तिने श्वास रोखून धरलेला मला कळत होता. एखाद्या मिनिटाने तो वळून निघून गेला. तंबूत झोपलो असतो तर ती चटणी तंबूच्या दारात सांडली असती, हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही.

सकाळी भरती उतरेपर्यंत थांबलो आणि थेट घरी आलो. त्याच संध्याकाळी बँकेच्या फसवणूक विभागाला फोन केला. पैसे त्या खात्यातून केव्हाच पुढे गेले होते, एक डॉलरही परत आला नाही. रिपोर्टसायबर या सायबर गुन्ह्यांच्या सरकारी साइटवर तक्रार नोंदवली, तिचा संदर्भ क्रमांक मिळाला. लायसन्सच्या फोटोंचं काय करायचं ते मला आयडीकेअरने सांगितलं. ओळखीची कागदपत्रं गेलेल्यांना ही संस्था मोफत मदत करते. क्रेडिटचा अहवाल ठेवणाऱ्या तीन संस्था आहेत: इक्विफॅक्स, एक्स्पिरियन, इलियन. तिथे बंदी घातली, म्हणजे माझ्या नावावर कुणाला सहजासहजी कर्ज काढता येत नाही. ती आधी २१ दिवसांची असते, पुढे वाढवून घेता येते. हे करून दोन आठवडे झाले नसतील तोच मी कधीही न मागितलेलं एक मोबाइल कनेक्शन माझ्या नावे मागितल्याचा ईमेल आला.

अशी जागा हवी असेल तर क्वीन्सलँड नॅशनल पार्क्सच्या बुकिंग साइटवर स्वतःचं खातं काढा आणि स्वतःच्या कार्डाने पैसे भरा. बुकिंग तुमच्या खात्यात दिसलं तरच ते तुमचं. पीडीएफ कुणीही बनवतो. रद्द झालेल्या जागा सुट्टीच्या आदल्या आठवड्यांत परत येतात. मी रोज सकाळी चहा टाकला की साइट बघायचे, आणि सप्टेंबरसाठी सेंट्रल स्टेशनच्या तीन रात्री अशाच मिळाल्या. ते रेनफॉरेस्टमध्ये आहे, कुंपणात आहे, पण तिथवरचा आतला रस्ता मऊ वाळूचा आणि खड्ड्यांचा, वेगमर्यादा ३०. पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं असलेलं माणूस बरोबर असेल तर हेही जमेला धरा. आम्ही चौघेच गेलो. सासू-सासरे मेमध्येच परत गेले होते. व्हिडिओ कॉलवर त्यांना तिथला झरा दाखवायचा होता, पण रेंज मिळाली नाही.

मागच्या आठवड्यात गोल्ड कोस्टच्या एका मैत्रिणीने मला एक ऑफर पुढे पाठवली: "डिसेंबर, वॉडी पॉइंट, कुंपणातली फॅमिली साइट, अर्जंट." नंबर नवा, या वेळी वडील नाशिकला ॲडमिट. फोटोत हिरवा तंबू, दोन निळ्या खुर्च्या, डावीकडे लाल झाकणाचा एस्की. हा फोटो कुणाकडे आला असेल, पैसे दिले असोत वा नसोत, तर त्या नंबरसकट मला पाठवा. माझ्या तक्रारीचा संदर्भ क्रमांक मी तुम्हाला देते, तुमच्या तक्रारीत तो लिहा.