केरेनच्या लढाईतली म्हणून विकलेली बीएसए

पहिल्या फोनवर गाडीबद्दल काही बोलण्याआधीच विकणाऱ्याने विचारलं होतं, "साहेब, तुमच्या घरातलं कोणी फौजेत होतं का?"

मी सगळं सांगून टाकलं. आजोबा सातारा जिल्ह्यातले, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत शिपाई. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या मार्चमध्ये, आफ्रिकेतल्या एरिट्रियात केरेनला लढले. डोंगर असा उभा की पाणी आणि काडतुसांच्या पेट्या माणसांनीच पाठीवरून वर न्यायच्या, हे त्यांच्या तोंडून कितीदा ऐकलेलं. आणि खालच्या रस्त्याने फटफटीवरून निरोप घेऊन येणारा 'डीआर', म्हणजे डिस्पॅच रायडर. तसली एक फटफटी आपल्या दारात असावी, ही माझी जुनी इच्छा. तीही मी त्याला सांगितली.

चार दिवसांनी फोटो आले. बीएसए एम२०, त्या काळची ब्रिटिश सैन्याची मोटारसायकल, वाळूच्या रंगाची. टाकीवर पांढऱ्या रंगात 'सी' अक्षर आणि पुढे आकडे, मागच्या मडगार्डवर लाल गरुड. सोबत टाइप केलेला एक पिवळट कागद: ही गाडी केरेनच्या लढाईत मराठ्यांच्या तिसऱ्या पलटणीकडे होती, दुरुस्ती आर.ई.एम.ई. (ब्रिटिश सैन्याचं गाड्या दुरुस्त करणारं दल) वर्कशॉप, मार्च १९४१. खाली गोल शिक्का.

अशी गाडी बाजारात ज्या भावाने जाते, त्याच्यावर मी एक लाख ऐंशी हजार जास्त मोजले. गाडी घरी आली तेव्हा बाबांनी टाकीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

दोन महिन्यांनी मॅग्डायनो (ठिणगी आणि वीज देणारं यंत्र) ठिणगी देईना म्हणून गाडी कोल्हापूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांचं उभं आयुष्य डिस्पोजलच्या, म्हणजे सैन्याने विकून टाकलेल्या, गाड्यांत गेलेलं. कागद न बघता त्यांनी फ्रेमवरचा नंबर पुसून वाचला. डब्ल्यूएम२०, पुढे एक लाखाच्या वरचा आकडा. मग म्हणाले, "बर्मिंगहॅमच्या कारखान्यानं अख्ख्या लढाईत सव्वा लाखाच्या आसपास एम२० काढल्या. लाखाच्या पुढची गाडी एक्केचाळीसच्या मार्चात आफ्रिकेत कशी असंल?"

मी ऐकायला तयार नव्हतो. त्यांनी सीटखालचा रंग ब्लेडने हळूहळू खरवडला. वाळूच्या रंगाखाली हिरवट ऑलिव्ह, त्याच्याखाली सरळ लोखंड. ब्रिटिश सैन्याने गाड्यांना तो ऑलिव्ह रंग द्यायला सुरुवात केली १९४४ मध्ये. त्याआधी खाकी हिरवा, मधल्या काळात तपकिरी. मुठींवर रबराऐवजी कॅनव्हास गुंडाळलेला आणि फूटरेस्ट नुसत्या लोखंडाचे. 'अगदी मूळचे' म्हणून हेच त्याने मला कौतुकाने दाखवलं होतं. मूळचे आहेतच ते. पण रबराची ही काटकसर मलाया जपानच्या हाती गेल्यावरची, म्हणजे १९४२ ची.

त्या रात्री घरी येऊन कागद पुन्हा वाचला. आर.ई.एम.ई. हे दलच ऑक्टोबर १९४२ मध्ये स्थापन झालं. केरेनच्या वेळी ते काम आर.ए.ओ.सी. हे जुनं दल करत असे. लाल गरुड ही चौथ्या इंडियन डिव्हिजनची खूण. आजोबांची तिसरी पलटण केरेनला पाचव्या डिव्हिजनमध्ये होती, तिची खूण काळ्यावर लाल गोळा. या गोष्टी विकत घेण्याआधी एका संध्याकाळी मला तपासता आल्या असत्या. कागदात खरं होतं ते फक्त मीच फोनवर सांगितलेलं: पलटण, गाव, महिना.

गाडी खोटी नाही, हे मुद्दाम लिहितो. आरसी बुक स्वच्छ आहे, इंजिन अस्सल आहे. इंजिन आणि फ्रेमचे नंबर वेगळे आहेत, पण त्यात काही वावगं नाही. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं सर्रास बदलली जायची. खोटा आहे तो इतिहास, आणि पैसे मी त्याचेच दिले. ते परत मागितले तेव्हा त्याने पावती वाचायला सांगितली. तिच्यावर एवढंच आहे: 'जुनी मोटारसायकल एक नग, जशी आहे तशी.' लढाईचं सगळं बोलणं तोंडी, आणि कागदावर त्याची सही नाही. पोलीस चौकीत तक्रार दिली आहे. 'व्यवहाराचा वाद आहे, कोर्टात जा' असं सांगितलं गेलं. बाबांना सांगायला मला दोन आठवडे लागले. त्यांनी फक्त विचारलं, "मग आपल्या आबांचं नाव त्या माणसाला कोणी सांगितलं?"

टाकीवरचा 'सी' नंबर, म्हणजे सैन्याचा नोंदणी क्रमांक, कोरलेला नसतो, रंगवलेला असतो. कोणीही कोणताही आकडा घालू शकतो. ठोकलेला असतो तो फ्रेमचा. इंग्लंडच्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडे बीएसए कारखान्याच्या नोंदवह्या आहेत, फी भरून त्यांच्याकडे चौकशी करता येते. लंडनच्या क्यू भागात, ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, पलटणींच्या वॉर डायऱ्या आहेत. त्यांत रोजची हकीगत सापडते: कुठे मुक्काम, कुठे चकमक, किती जखमी. अमुक नंबरची फटफटी अमुक शिपायाकडे, असं त्यांत शोधू नका. म्हणून तसं छातीठोक सांगणारा कागद कोणी पुढे केला, की तो कुठल्या दप्तरातून निघाला हे आधी लेखी मागा आणि त्या दप्तराला स्वतः विचारा.

हे आज लिहायला बसलो, कारण परवा नागपूरहून एका गृहस्थांचा फोन आला. मिस्त्रींकडून माझा नंबर मिळाला म्हणाले. त्यांचे वडील ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते, आणि तिथेच धावलेली एक एम२० त्यांना मिळते आहे. "वडिलांचं त्यांना आधी कोणी सांगितलं?" मी विचारलं. ते जरा थांबले. म्हणाले, "त्यांनीच विचारलं होतं, घरातलं कोणी फौजेत होतं का म्हणून." रेकॉर्डचा कागद या आठवड्यात येणार आहे. मी त्यांना म्हटलं, कागद राहू द्या, आधी चेसिसचा पेन्सिल प्रिंट, म्हणजे फ्रेमच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून काढलेला ठसा, मागवा.