इजिप्तमधल्या आस्वानमध्ये एकच दिवस: फिली आणि धरण, की अबू सिंबेल?

अबू सिंबेलची प्राचीन मंदिरं भव्यच. पण २८० किलोमीटर दूर. पहाटे चारला गाडीत बसायचं आणि जाऊन-येऊन सहा-सात तास वाळवंट बघायचं.

फिलीचं मंदिर आणि १९७०मध्ये पूर्ण झालेलं उंच धरण गावाजवळच. फिली बेटावर आहे, तिथे मोटरबोटीनं जातात (भाडं आधी ठरवा, नाहीतर घासाघीस उन्हात). तिथल्या देवतांच्या चेहऱ्यांवर छिन्नीचे घाव, खांबांवर नंतर कोरलेले क्रूस. गाइड नसेल तर नजरेतून सुटतात. धरणावर मात्र पंधरा मिनिटं पुरे.

फिली आणि अबू सिंबेल, दोन्हीकडची मंदिरं धरणांच्या पाण्यापासून वाचवायला तुकडे करून वर हलवलेली. आपलं पळसदेवचं जुनं मंदिर उजनी धरणाच्या पाण्यातच राहिलं, हे तिथे आठवतंच.

आई-बाबा सोबत असतील, तर मी डोळे झाकून फिली म्हणेन.