वित्तीय नियम समजून घ्यायचाय, पण कुणाकडून?

‘बँकांना भांडवल राखून ठेवावं लागतं.’ हे वाक्य वाचलं की डोळ्यांसमोर तिजोरी येते: नोटांची चळत बाजूला काढलीय आणि तिला हात लावायचा नाही. प्रत्यक्षात असं काही नसतं. भांडवल म्हणजे भागधारकांनी घातलेला पैसा आणि न वाटलेला नफा. तो कर्जांमध्ये फिरतच असतो. नियमाचं म्हणणं इतकंच, की सगळा धंदा उसन्या पैशावर चालवू नका; बुडालंच तर आधी मालकांचं बुडू दे. ‘बेसल 3’ या बँकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत या सर्वांत भक्कम भांडवलाचं किमान प्रमाण जोखीमभारित मालमत्तेच्या (म्हणजे जितकी जोखीम तितकं वजन देऊन मोजलेल्या कर्ज-गुंतवणुकीच्या) 4.5 टक्के आहे, वर 2.5 टक्क्यांची उशी. बाजूला ठेवायची रोख ही वेगळीच गोष्ट. हा घोळ स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्राध्यापक अनात अदमाती वर्षानुवर्षं निस्तरत आल्या आहेत.

कुणी नियम समजावून सांगायला लागलं की मी हेच वाक्य कसोटीला लावतो. नियामक, बँक आणि स्वतंत्र संस्था, तिघंही या वाक्याचं वेगवेगळं काहीतरी करतात.

आधी नियामक. भाषा रुक्ष, पण आकडा चुकणार नाही. ‘माझी ठेव किती सुरक्षित?’ एवढाच प्रश्न असेल तर दुसरीकडे जाऊच नका. अमेरिकेत ठेव विमा देणाऱ्या ‘एफडीआयसी’च्या संकेतस्थळावर चक्क गणनयंत्र आहे: कोणत्या बँकेत, कोणाच्या नावावर, एकट्याचं की संयुक्त खातं हे भरलं, की 2,50,000 डॉलरच्या मर्यादेत काय बसतं आणि काय बाहेर राहतं ते कळतं. युरोपीय संघात ही मर्यादा दर बँकेमागे दर ठेवीदाराला 1,00,000 युरो.

पण नियामक सांगतो ते कागदावरचं. 10 मार्च 2023 रोजी अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक कोसळली तेव्हा तिथल्या 90 टक्क्यांहून जास्त ठेवी विम्याच्या मर्यादेबाहेर होत्या. दोनच दिवसांत सरकारने जाहीर केलं, सगळ्यांचे सगळे पैसे मिळतील. अशी शक्यता नियामक आधी कधीच लिहिणार नाही. लिहिली तर मर्यादेला अर्थच उरणार नाही. म्हणून तो आकडा हमी समजा, भाकीत नव्हे.

दुसरी अडचण जास्त बोचरी. सोपं करायला जातानाही नियामकाचं गणित चुकतं. युरोपात जानेवारी 2018पासून काही गुंतवणूक उत्पादनांसोबत जास्तीत जास्त तीन पानांचं माहितीपत्रक सक्तीचं झालं. त्यात जोखमीची 1 ते 7 अशी पट्टी आणि परताव्याची संभाव्य चित्रं. ती चित्रं मागच्या काही वर्षांच्या कामगिरीवरून काढायची होती आणि ती वर्षं होती तेजीची. साहजिकच पुढचं चित्रही गुलाबी! त्याच महिन्यात ब्रिटनच्या ‘एफसीए’ या वित्तीय नियामकाला म्हणावं लागलं, की थोड्या उत्पादनांच्या बाबतीत हे आकडे फाजील आशावादी वाटू शकतात. पान सुटसुटीत होतं, सही-शिक्क्याचं होतं, तरी दिशाभूल व्हायची ती होऊ शकत होती.

आता बँका. कोणता अर्ज, कोणती कागदपत्रं, कधीपर्यंत, हे खिडकीपलीकडच्या माणसाइतकं कुणालाच ठाऊक नसतं. तेवढं जरूर विचारा. नियम चांगला की वाईट, हे मात्र त्यांना विचारू नका. जुलै 2023मध्ये अमेरिकी नियामकांनी भांडवल वाढवण्याचा हजाराहून जास्त पानांचा प्रस्ताव आणला, तेव्हा बँकांच्या संघटनांनी जाहिरातींचा मारा केला: कर्जं महागतील, सामान्य माणूस भरडला जाईल. यात खोटं म्हणावं असं फारसं नाही. भांडवल वाढलं की काही कर्जं महागू शकतात. पण बँक बुडाल्यावर किती महाग पडतं, ती अर्धी गोष्ट जाहिरातीत नसते.

ती उरलेली अर्धी गोष्ट अमेरिकेतली ‘बेटर मार्केट्स’ किंवा ब्रुसेल्सची ‘फायनान्स वॉच’ यांसारख्या स्वतंत्र संस्था सांगतात. 2008च्या आर्थिक संकटानंतर निघालेल्या या संस्था. ‘फायनान्स वॉच’ 2011ची; बँकांची लॉबी सतत दारात आणि समोरच्या बाजूने बोलणारं कुणीच नाही, अशी तक्रार युरोपीय संसदेच्या सदस्यांनीच केली होती. ही संस्था वित्त उद्योगाचा पैसा घेत नाही. युरोपीय संघाचं अनुदान मात्र घेत आलेली आहे. भांडवल म्हणजे तिजोरी नव्हे, हे मला पहिल्यांदा अशाच लेखनातून नीट उमगलं.

तरी स्वतंत्र म्हणजे तटस्थ नव्हे. यांचा कौल बहुतेक वेळा ‘नियम आणखी कडक करा’ हाच असतो. कडक नियमांमुळे काही कर्जव्यवहार बँकांबाहेर, कमी देखरेखीच्या कंपन्यांकडे सरकतात, या मुद्द्यावर बँकांच्या संघटना जितका भर देतात तितका हे देत नाहीत. शिवाय वाचायला जड.

नियम समजावणाऱ्या व्हिडिओवाल्यांबद्दल एकच: खाली खातं उघडायची लिंक असेल तर त्यांना बँकेच्या रांगेत उभं करा.

तुमच्याकडे अर्धाच तास असेल आणि पैसे आज ठेवायचे असतील, तर नियामकाचं पान पुरे. नियम बदलणार म्हणून गलका चालू असेल, तर आधी बँकांच्या संघटनेची जाहिरात वाचा, मग स्वतंत्र संस्थेचं उत्तर. याच क्रमाने, कारण उत्तर कशाला दिलंय ते माहीत नसलं की तेही जाहिरातीसारखंच वाटतं. आणि दोन्हींत ‘राखून ठेवावं लागतं’ दिसलं, तर पुढची ओळ वाचण्याआधी पैसा कुणाचा आहे ते शोधा.