न पडणारी एमसीबी

एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडून लाइन तोडणारा खटका) पडायची थांबली म्हणून मी वायरमनला बिलाच्या वर शंभर रुपये चहापाण्याला दिले होते. चार एमसीबींचे ११२० रुपये गेले त्याचं एवढं वाटत नाही, पण ते शंभर अजून बोचतात.

आमचं घर सांगलीत, जुनं. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर बांधणाऱ्याने एकाच लाइनवर ठेवलेलं. त्यात तीन किलोवॅटचा गिझर, अलीकडे घेतलेली दोन किलोवॅटची इंडक्शन आणि सकाळच्या घाईत इस्त्री. तिन्ही चालू असले की थोड्या वेळात खट्ट! ह्यांच्या अंगाला साबण लागलेला, माझी आमटी अर्धी. स्टुलावर चढून खटका वर करायचा हे रोजचंच झालं होतं.

वायरमन ओळखीतला. त्याने डीबी, म्हणजे एमसीबींचा डबा, उघडून नुसतं बघितलं आणि म्हणाला, "काकू, जुन्या झाल्या की ह्या वीक होतात. चारही बदलून टाकू, कंपनीच्या आणतो." २८० रुपयाला एक. बिल म्हणून वहीच्या कागदावर आकडा. नव्या एमसीबीवर नामांकित कंपनीचं नाव, सी १६, चौकोनात १००००, सगळं छापलेलं. खोकीसुद्धा नवी कोरी. शंका यावी असं काही नव्हतंच. त्यानंतर दोन महिने एकदाही लाइट गेली नाही. शेजारणीलाही मी त्याचा नंबर दिला, हे इथे कबूल करते.

मग एका सकाळी प्लास्टिक जळल्याचा वास. इंडक्शन हुंगली, मिक्सर हुंगला, काही नाही. शेवटी भिंतीवरच्या जंक्शन बॉक्सचं झाकण पिवळट पडलेलं दिसलं. मेन स्विच बंद केला आणि भाच्याला फोन लावला. तो आयटीआय करून कुपवाड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. त्याने झाकण काढलं तर जोडाजवळचं वायरचं वेष्टण काळं पडून तडकलं होतं. डीबीत मात्र एमसीबीचा खटका दिमाखात वर.

"आत्या, ही पडली कशी नाही?" हा त्याचा पहिला प्रश्न. मला तर तोच तिचा गुण वाटत होता.

त्याने वहीत हिशेब मांडला. गिझर १३ अँपिअर, इंडक्शन पावणेनऊ, इस्त्री सव्वाचार, म्हणजे २६. भिंतीतल्या पाइपातून गेलेल्या अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरला साधारण वीसएक अँपिअर झेपतात. १६ अँपिअरची एमसीबी १६ च्या वर जरा गेलं की लगेच पडत नाही. अठरापर्यंत तिने तासभर तग धरायचा, पण सव्वातेवीस झाले तर तासाच्या आत पडायलाच हवं, असं मानकच आहे. आत दोन धातूंची पट्टी असते, ती तापून वाकते आणि खटका सोडते. शॉर्ट सर्किट झालं तर पट्टी तापायची वाट बघत नाहीत, तिथे चुंबकाची कॉइल क्षणात काम करते. सी प्रकारात ही कॉइल पाच ते दहा पटीच्या दरम्यान, म्हणजे १६ च्या एमसीबीत ८० ते १६० अँपिअरला.

नशिबाने जुन्या एमसीबी मी ड्रॉवरमध्ये टाकून ठेवल्या होत्या. (आमच्याकडे काही फेकायची पद्धत नाही.) जुनी एक, नवी एक घेऊन तो कारखान्यात गेला आणि टेस्ट बेंचवर दोन्हीतून २६ अँपिअर सोडले. जुनी, ती "वीक" झालेली, काही मिनिटांत पडली. नवी तासाभरानंतरही तशीच, नुसती गरम.

मग त्याने नवीचे रिवेट काढले. कॉइलच्या जागी सरळ तारेचा तुकडा. तापून वाकणारी पट्टी नाहीच. ठिणगी विझवायला पत्र्यांची जाळी असते, तिची जागा रिकामी. चौकोनातल्या १०००० चा अर्थ असा की शॉर्ट सर्किटचा दहा हजार अँपिअरपर्यंतचा प्रवाह ती सुरक्षित तोडेल. ही काय तोडणार? मी २८० रुपयाला दिव्याचं बटण विकत घेतलं होतं.

आयएसआयचं चिन्ह होतं, पण त्याखाली सीएमएल नंबर नव्हता. बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात तो नंबर टाकला की लायसन्स कुणाच्या नावावर आणि कुठल्या मालासाठी आहे ते दिसतं. आता मी दुकानातच उभं राहून बघते, दुकानदार तोंड वाकडं करतो तरी. पक्कं बिल घेते, कारण वहीच्या कागदावर तक्रार करायला गेलं की "आमच्याकडचा माल कशावरून?" हे ऐकावं लागतं. मी ते ऐकलंय.

शेजारणीचे यजमान म्हणाले, "३२ ची टाका, कटकट मिटेल." भाचा जवळपास ओरडलाच. अस्सल ३२ ची घातली तरी आमच्या वायरसाठी ती खोटीच. आधी वायर जळणार, मग ती पडणार. एमसीबी वायरच्या ताकदीवर ठरते, आपल्या गैरसोयीवर नाही. खटका पडल्या पडल्या पुन्हा वर करायची माझी सवयही त्याने मोडली. आधी एखादं उपकरण बंद, मग पट्टी थंड व्हायला थोडा वेळ, मग खटका. कशाने पडली तेच कळत नसेल तर वर करायचीच नाही.

जळलेली वायर बदलली, इंडक्शनला वेगळी लाइन ओढली, जुन्या चारही एमसीबी परत बसवल्या. शेजारणीकडच्या दोन निघाल्या, त्याही तसल्याच.

परवा मंडईत वायरमन भेटला. "काय काकू, आता पडत नाही ना?"

"पडते," म्हटलं. "जुनी परत बसवलीय. माझे १२२० कधी देतोस?"

दुकानदाराने तसला माल दिला, त्यात माझी काय चूक, म्हणाला आणि मेथीचा भाव विचारायला लागला.