नोकरी सोडून एक वर्ष, की नोकरी सांभाळून दोन? फायनान्समधल्या अनुभवी माणसाचा एमबीए

सीए किंवा एम.कॉम. करून आठ-दहा वर्षं कंपनीच्या फायनान्समध्ये काढलेल्या माणसाच्या डोक्यात एमबीए कधी शिरतं, हे मी स्वतःपुरतं नेमकं सांगू शकतो. बजेटच्या बैठकीत आपले आकडे सगळ्यांना पटतात, सगळे आभार मानतात, आणि आपण उठून गेल्यावर मग खरा निर्णय होतो. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी हे लागोपाठ तीन वर्षं पाहिलं. आकडा माझा असायचा, पण त्याचं काय करायचं हे प्लांट हेड, परचेस आणि सेल्स ठरवायचे. मला त्या बाजूला जायचं होतं. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं माझ्या या इच्छेच्या चष्म्यातून लिहिलं आहे. तुमची इच्छा वेगळी असेल तर उत्तरही वेगळं येईल.

मी विचार करत होतो तेव्हा, २०२१ च्या अखेरीस, माझ्यापुढे दोनच खरे रस्ते होते. नोकरी सोडून एक वर्षाचा निवासी एमबीए, किंवा नोकरी करत संध्याकाळचा आणि शनिवार-रविवारचा दोन वर्षांचा पार्ट-टाइम. सीएफएचा, म्हणजे गुंतवणूक विश्लेषणाच्या परीक्षांचा, विचार महिनाभर केला आणि सोडला. इक्विटी रिसर्च, फंड मॅनेजमेंट, वेल्थ या क्षेत्रांत जाणाऱ्याने एमबीएच्या आधी सीएफएच पाहावी, असं मी आजही सांगेन. तीन लेव्हल, प्रत्येकीला ३०० तासांच्या आसपास अभ्यास, आणि पैसे एमबीएच्या तुलनेत फारच कमी. पण तो अभ्यास एकट्याने टेबलाशी बसून करायचा. माझी अडचण माणसांशी बोलण्याची होती, बाँडच्या ड्युरेशनची नव्हती.

आणखी एक गोष्ट इथेच उरकतो. कंपनीच्या नियमात वरच्या पदासाठी 'पदव्युत्तर पदवी' लिहिली आहे एवढ्यासाठी कुणी सीए एमबीए करणार असेल, तर आधी एचआरशी बोला. यूजीसीने २०२१ मध्येच सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) आणि आयसीडब्ल्यूए (कॉस्ट अकाउंटंट) या पात्रता पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीच्या मानल्या आहेत. एक पत्र दाखवून काम होत असेल तर दोन वर्षं कशाला घालवायची?

आता एक वर्षाचा रस्ता. आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स, आयआयएम बेंगळुरूचा ईपीजीपी, हैदराबाद-मोहालीची आयएसबी ही नावं वाचकांना माहीत आहेत, त्यात जात नाही. त्यांची ताकद मी मनापासून मानतो. सोबतीला नौदलातून आलेला अधिकारी, कुणी औषध कंपनीतली शास्त्रज्ञ, कुणी स्वतःचा धंदा बुडवून आलेला. दहा वर्षं व्हाउचर आणि व्हेरिअन्समध्ये (बजेट आणि प्रत्यक्षातल्या फरकात) घालवलेल्या माणसाला अशा लोकांबरोबर रात्री दोन वाजेपर्यंत केसवर वाद घालायला मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. संध्याकाळच्या वर्गात ते वातावरण मिळत नाही. मला मिळालं नाही, आणि त्याची रुखरुख मला आजही आहे.

पैशांचा हिशेब आपल्याच व्यवसायाचा, म्हणून थोडक्यात. नामांकित संस्थांची फी तीस लाखांच्या पुढे जाते. त्यात बुडालेला पगार मिळवा. माझा तेव्हा वर्षाला बावीस लाख होता, म्हणजे आकडा पन्नास लाखांवर गेला. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर कलम ८०ई ची वजावट आठ वर्षं मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत गेलात की ती गेली. मित्रांच्या एक्सेल शीटमध्ये ही चूक मी दोनदा पकडली आहे, आणि दोघेही सीए! तरी पैशांमुळे मी मागे फिरलो असं म्हणणार नाही. बायकोची नोकरी होती, घराचा हप्ता बसत होता, जमलं असतं.

मला प्रवेश मिळाला होता. जीमॅट ही प्रवेश परीक्षा झाली, निबंध झाले, मुलाखत झाली आणि २०२२ च्या सुरुवातीला एका संस्थेचं पत्र आलं. पहिला हप्ता भरायला तीन आठवड्यांची मुदत होती. त्याच सुमारास प्लेसमेंट विभागाकडून रेझ्युमेचा ठरलेला नमुना आला. एक पान, ठरलेला फॉन्ट, आणि सगळ्यात वर एक पट्टी. तिच्यात डावीकडे 'फंक्शन' आणि उजवीकडे 'एकूण अनुभव, महिन्यांत'. मी भरलं : फायनान्स, ११२ महिने.

त्या पट्टीपाशी मी अडलो. त्या विभागात फोन करून विचारलं, की माझ्या अनुभवात दोन वर्षं प्लांटवर कॉस्टिंगमध्ये गेली आहेत, शॉप फ्लोअरवर उभं राहून सायकल टाइम (एक नग बनायला लागणारा वेळ) मोजण्यात गेली आहेत, ते 'ऑपरेशन्स' म्हणून दाखवता येईल का? उत्तर सभ्यपणे मिळालं. पदनामात जे आहे तेच लिहायचं, कारण कंपन्या पहिली चाळणी याच दोन रकान्यांवर लावतात. मग त्याच संस्थेतून बाहेर पडलेल्या, माझ्यासारख्याच फायनान्सच्या सात जणांना मी फोन केले. सगळे भरभरून बोलले, सगळ्यांना चांगला पगार होता. सातातले पाच जण पुन्हा फायनान्समध्येच होते : एफपी अँड ए (बजेट आणि अंदाजांचं काम), ट्रेझरी (कंपनीची रोकड आणि कर्जं सांभाळणं), एक जण कंट्रोलर, म्हणजे हिशेबांचा प्रमुख. सहावा कन्सल्टिंगमध्ये, तिथेही वित्त-कार्याच्या सल्ल्याचंच काम. एकच जण खरोखर पलीकडे गेला होता, तो एका स्टार्टअपमध्ये बिझनेस सांभाळत होता, आणि त्या स्टार्टअपचा संस्थापक त्याचा कॉलेजचा मित्र होता.

सात फोन म्हणजे काही सर्वेक्षण नव्हे. दुसऱ्या कुणाला सात वेगळी माणसं भेटतील आणि चित्र उलटं दिसेल. पण त्यामागचं कारण मला पटलं. दोन वर्षांच्या एमबीएत मध्ये उन्हाळी इंटर्नशिप असते. दोन महिने नव्या कामात घातले की कंपनी तुम्हाला त्या कामात पाहते. एक वर्षाच्या अभ्यासक्रमात ती बसत नाही. मग समोरच्या कंपनीने ११२ महिने फायनान्स केलेल्या माणसाला विक्रीची किंवा पुरवठा साखळीची जबाबदारी कशाच्या भरवशावर द्यावी? ती तुम्हाला फायनान्सचीच, पण मोठी खुर्ची देते. ज्याला तीच हवी आहे त्याने बेलाशक जावं. मला तर त्याच खुर्चीतून उठायचं होतं, आणि त्यासाठी मी नऊ वर्षांत मला ओळखू लागलेली सगळी माणसं मागे सोडून, पन्नास लाख देऊन, मला अजिबात न ओळखणाऱ्या माणसांसमोर त्या पट्टीसकट उभा राहणार होतो. पट्टी भरून झाल्यावर दोन रात्री मला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी संस्थेला नकार कळवला.

त्या जुलैत पुण्यात पार्ट-टाइमला नाव घातलं. फी साडेसहा लाख, आठवड्यात दोन संध्याकाळ आणि शनिवार पूर्ण.

त्याचे त्रास खरे आहेत, ते लपवत नाही. चाकणहून साडेसहाच्या तासाला शिवाजीनगर गाठायचं म्हणजे पाचला निघायचं, आणि पाचला निघालं तरी तळेगाव चौक आणि मोशी पार करण्याची शाश्वती नाही. पहिल्या वर्षी माझे कितीतरी तास अर्धेच झाले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मेट्रो सिव्हिल कोर्टापर्यंत सुरू झाली आणि माझं दुसरं वर्ष वाचलं. नाशिक फाट्याला दुचाकी लावायची, मेट्रोत बसायचं, शिवाजीनगरपर्यंत केस वाचायची. गटातले निम्मे लोक ऐन सादरीकरणाला प्रवासात असायचे. पहिल्या सत्रात जमा-खर्चाचे मूलभूत धडे मलाही बसून ऐकावे लागले. प्लेसमेंट नावाची सोय जवळपास नव्हतीच. आणि आपल्या कामाचं कॅलेंडर अशा अभ्यासाला फार छळतं. दर महिन्याचं क्लोजिंग, म्हणजे हिशेब बंद करणं, वीस तारखेचं जीएसटी, सप्टेंबरअखेरचं टॅक्स ऑडिट, आणि मार्च-एप्रिल तर बोलायलाच नको. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. दोन वर्षांतले तिचे शनिवार मला परत मिळणार नाहीत, आणि याचं दुःख मी कुठल्याही कोष्टकात मांडू शकत नाही.

तरीही माझं पारडं इकडे का झुकतं, ते एका प्रसंगावरून सांगतो. आमच्या कंपनीत फायनान्स आणि परचेसचं जुनं भांडण होतं : स्टॉक. आम्ही म्हणायचो पासष्ट दिवसांचा माल पडून आहे, खेळतं भांडवल अडकलंय, कमी करा. ते मान हलवायचे आणि करायचे काहीच नाहीत. वर्गात माझ्या शेजारी रांजणगावच्या एका कंपनीतल्या परचेसच्या मॅडम बसायच्या. ऑपरेशन्सच्या तासाला इन्व्हेंटरीचा विषय निघाला तेव्हा मी माझी तक्रार मांडली. त्यांनी वहीवर दोन ओळी लिहून माझ्यापुढे सरकवल्या. एका पार्टवाचून ग्राहकाची लाइन थांबली तर तासाला जो दंड बसतो तो एकीकडे, आणि तो पार्ट महिनाभर ठेवण्याचं व्याज दुसरीकडे. दोन्हींत मेळच नव्हता. परचेसचा माणूस मूर्ख नव्हता, तो बरोबर होता. मी नऊ वर्षं त्याला सरासरी दिवस सांगत होतो आणि त्याला भीती एकेका पार्टची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या परचेस हेडच्या टेबलाशी गेलो आणि विचारलं, "सर, कुठले पार्ट नसले तर तुम्हाला रात्री झोप येत नाही?" त्यांनी चाळीसेक नावं सांगितली. मी म्हटलं, यांना हात लावत नाही, उरलेल्यांची यादी दोघं मिळून पाहू. सात महिन्यांत स्टॉक एक्कावन्न दिवसांवर आला, आणि त्या चाळीसपैकी एकही पार्ट कमी पडला नाही. पुढच्या बजेटच्या बैठकीत माझं सादरीकरण झाल्यावर मी लॅपटॉप मिटत होतो, तर प्लांट हेड म्हणाले, "तू थांब." २०२४ च्या अखेरीस कमर्शिअल हेडची जागा निघाली तेव्हा माझं नाव त्यांनीच सुचवलं. माझ्या रेझ्युमेची पट्टी तिथे कुणी मागितली नाही.

हे निवासी एमबीए करून घडलं नसतं, असा दावा मी करत नाही. पण तिथे मंगळवारी शिकलेलं बुधवारी सकाळी करून पाहायला माझ्याजवळ ना परचेस हेड असते, ना प्लांट.

माझ्याच जुन्या ऑफिसातला एक मित्र त्याच वर्षी नोकरी सोडून एक वर्षाच्या एमबीएला गेला. आज तो मुंबईत एका खासगी बँकेत आहे, पगार माझ्यापेक्षा बराच जास्त आहे, आणि तो म्हणतो की पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा हेच करेन. त्याचंही बरोबर आहे. त्याला शहर बदलायचं होतं, कारखान्यातून बँकेत जायचं होतं, आणि त्याच्या कंपनीत त्याच्यावर कुणाचा जीव नव्हता. तुमच्या कंपनीत वर जायला जागाच नसेल, साहेब तुम्हाला वाढू देत नसेल, परदेशी जायचं असेल किंवा कन्सल्टिंगच करायचं असेल, तर पार्ट-टाइम तुमच्या फारसा उपयोगाचा नाही. त्याचा सगळा फायदा तुमची सध्याची जागा किती चांगली आहे यावर उभा आहे. आणि ज्यांना सीएफओच, म्हणजे कंपनीचा वित्तप्रमुखच, व्हायचं आहे त्यांनी दोन्हींच्या आधी एखादं ट्रेझरीचं किंवा निधी उभारणीचं काम मागून पाहावं, असं मला वाटतं. ते कुठल्याच वर्गात इतकं चांगलं शिकवत नाहीत.

पार्ट-टाइमकडे वळणार असाल तर 'एक्झिक्युटिव्ह' या शब्दाला भुलू नका. मोठ्या संस्थांच्या नावाचे आठ-दहा महिन्यांचे ऑनलाइन अभ्यासक्रम बरेच आहेत, त्यातले पुष्कळ फक्त प्रमाणपत्र देतात. शेवटी हातात पदवी मिळणार की प्रमाणपत्र, हे प्रवेश अर्ज भरण्याआधी लेखी विचारा. आणि वर्गात बाकीचे कुठल्या कामातून आले आहेत ते पाहा. चाळीसातले तीस आयटीतले असतील तर ती रांजणगावची मॅडम तुमच्या शेजारी येणार नाही. शक्य असेल तर एका तासाला मागच्या बाकावर बसायची परवानगी मागा. मला दोन संस्थांनी दिली होती.

साहेबांशी बोलणं मात्र नाव घालण्याच्या आधी. मी पुढच्या बारा महिन्यांच्या सगळ्या क्लोजिंगच्या, ऑडिटच्या आणि बोर्डाच्या तारखा एका कागदावर लिहून नेल्या, त्या दिवशी वर्ग बुडवीन असं सांगितलं, आणि बाकीच्या मंगळवार-गुरुवारी पाचला निघू द्या एवढंच मागितलं. बावीस तारखा होत्या. त्यांनी आणखी चार घातल्या आणि खाली सही केली.