मल्टिथ्रेडेड प्रोग्राममधील ब्रेकपॉइंट : जीडीबी की एलएलडीबी?

जीडीबी आणि एलएलडीबी हे डीबगर, म्हणजे प्रोग्राममधील चुका शोधण्याची साधने. एकच थ्रेड (प्रोग्राममध्ये स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा) असलेल्या प्रोग्राममध्ये या दोन्ही डीबगरांत फारसे डावे-उजवे करता येत नाही. फरक दिसू लागतो तो अनेक थ्रेड एकाच वेळी एकाच ओळीवर येऊन धडकतात तेव्हा. एक्स८६ प्रोसेसरवर सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंट (प्रोग्राम ठरावीक जागी थांबवणारी खूण) लावताना डीबगर मूळ सूचनेचा पहिला बाइट काढून तेथे सापळ्याची एका बाइटची सूचना ठेवतो. थांबलेल्या थ्रेडला पुढे न्यायचे तर मूळ बाइट परत बसवून, ती एक सूचना चालवून, सापळा पुन्हा लावावा लागतो; आणि या मधल्या क्षणी दुसरा थ्रेड तेथून गेला, तर तो न थांबताच निसटतो.

म्हणून पहिली चाचणी मोजणीची असावी. ८ थ्रेडनी एकच फंक्शन प्रत्येकी १,००० वेळा बोलवावे, प्रत्येक फेरीपूर्वी बॅरिअर (सगळे थ्रेड येईपर्यंत रोखणारा अडसर) ठेवून सर्वांना एकदमच सोडावे, आणि ब्रेकपॉइंटला भलामोठा इग्नोर काउंट (किती वेळा न थांबता पुढे जायचे, तो आकडा) देऊन शेवटी डीबगरने नोंदवलेली संख्या ८,००० भरते का, ते पाहावे. ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करण्यासाठी कंपायलर करतो ते फेरफार) बंद ठेवावे. ब्रेकपॉइंटला अटही घालू नये, कारण जीडीबी अट खोटी ठरलेली थांबणी मोजतच नाही आणि आकडा उगाच कमी दिसतो. या कसोटीवर दोघांत फरक पडू नये, कारण सापळा ओलांडताना दोन्ही डीबगर इतर थ्रेड रोखून धरू शकतात. जीडीबीकडे आणखी एक उपाय आहे : सूचनेची प्रत दुसऱ्या जागी नेऊन तेथे चालवणे, म्हणजे मूळ जागचा सापळा हलवावाच लागत नाही.

खरा निर्णय पुढच्या प्रश्नावर होतो : एक थ्रेड थांबला की बाकीच्यांचे काय? दोन्ही डीबगर मुळात सगळेच थ्रेड थांबवतात. मात्र जीडीबीमध्ये ७.० या आवृत्तीपासून नॉन-स्टॉप पद्धत आहे. ती प्रोग्राम सुरू करण्यापूर्वी किंवा त्याला जोडून घेण्यापूर्वी चालू केली, तर ब्रेकपॉइंटवर आलेला थ्रेड तेवढा थांबतो आणि बाकीचे आपले काम करत राहतात. ज्या सर्व्हरचे हार्टबीट ('मी चालू आहे' असे ठरावीक वेळाने सांगणारे संदेश) थांबले की समोरची बाजू जोडणी तोडून टाकते, त्याच्यासाठी माझ्या मते एवढ्या एका सोयीवर जीडीबी निवडावा.

एकेक ओळ पुढे जाताना जीडीबी सहसा इतर थ्रेडही पळू देतो, त्यामुळे 'नेक्स्ट' (पुढच्या ओळीवर जा) ही आज्ञा दिल्यावर भलताच थ्रेड ब्रेकपॉइंटवर थांबून आपल्यासमोर उभा राहतो. शेड्युलर-लॉकिंग (फक्त निवडलेलाच थ्रेड चालू देणे) चालू केले की हा गोंधळ थांबतो. पण निवडलेला थ्रेड ज्या म्युटेक्सची (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणाऱ्या कुलपाची) वाट पाहत आहे, तो रोखलेल्या थ्रेडकडे असेल, तर ती आज्ञा कधीच पूर्ण होत नाही. एलएलडीबीमध्ये हीच निवड प्रत्येक स्टेप आज्ञेसोबत करता येते : सगळे थ्रेड चालवायचे, पूर्ण आज्ञाभर फक्त हाच, की ओळीतल्या पावलापुरता हाच आणि मधल्या फंक्शन कॉलमध्ये सगळे. माझ्या मते ही रचना अधिक शहाणपणाची आहे.

एकाच वेळी तीन थ्रेड थांबले, तर एलएलडीबी थ्रेडच्या यादीत प्रत्येकाचे थांबण्याचे कारण वेगळे दाखवतो. जीडीबी एकच घटना पुढे करतो आणि उरलेल्या राखून ठेवून प्रोग्राम पुन्हा चालवल्यावर सांगतो. नवख्याला तोच ब्रेकपॉइंट पुन्हा पुन्हा लागतो आहे असे वाटते. रेस (थ्रेड कोणत्या क्रमाने चालले यावर अवलंबून असलेली चूक) शोधताना त्या क्षणाचे पूर्ण चित्र हवे असते, म्हणून येथे एलएलडीबी सरस ठरतो.

ठरावीक थ्रेडपुरता ब्रेकपॉइंट दोघांतही लावता येतो. जीडीबीमध्ये तो थ्रेडच्या क्रमांकाशी बांधलेला असतो आणि तो थ्रेड संपला की ब्रेकपॉइंटही काढून टाकला जातो. एलएलडीबीला थ्रेडचे नावही चालते. कामगार थ्रेड सतत जन्मत आणि संपत असतील, तर नाव देण्याची शिस्त पाळून एलएलडीबी वापरणे सोपे जाते. अटींच्या ब्रेकपॉइंटवरून मात्र निवड करू नये : अट खोटी असली तरी थ्रेड क्षणभर थांबतोच, वेळेचे गणित बिघडते आणि शोधायची रेस दोन्हीकडे सारखीच गुप्त होऊ शकते.